प्रकरण अकरावे : खालचं मडकं

आमच्या गल्लीतल्या झेनाइदी आईचा हात प्लास्टरमधून सुटला, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी क्लेउझा रिबेरांव शहराहून आली आणि येताना एक रिकामी सुटकेस घेऊन आली. बस-स्टँडपासून घरापर्यंत ती तिने स्वतः ओढत आणली. आमच्या गल्लीच्या दगडी फरशीवर तिच्या चाकांचा असा काही खडखडाट झाला, की क्लेउझा दारात पोचायच्या आत निम्म्या गल्लीला कळलं होतं, झेनाइदीला आज लेक घेऊन जाणार.

"रिकामी आहे ना?" धाकट्या एडमिल्सनने दारातच विचारलं.

"आत्ता आहे," क्लेउझा म्हणाली आणि सुटकेस दिवाणखान्याच्या मधोमध, सगळ्यांना वळसा घालून जावं लागेल अशी उभी केली.

स्वयंपाकघरात पाणी सांडण्याचे प्रकार कार्निव्हलपासून सुरू होते. सांडत होता तो मातीचा फिल्टर. वरच्या मडक्यात नळाचं पाणी ओतायचं, ते कँडलच्या गाळणीतून झिरपत खालच्या मडक्यात उतरतं, खालच्याला तोटी. घरात एकवेळ टेबल नसेल, पण हे दुमजली प्रकरण कोपऱ्यातल्या स्टुलावर असतंच, डोक्यावर विणलेला रुमाल घेऊन, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासारखं. तर ते अधूनमधून आपल्या कमरेतून, म्हणजे दोन मडकी जिथे जुळतात तिथून, पाणी सोडू लागलं. आई न बोलता पुसून टाकायची. मग एका शनिवारी संध्याकाळी त्याच पाण्यावरून तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. त्या दिवसापासून तिच्या तिन्ही मुलांनी एक शब्द मनात धरून ठेवला होता. तो पहिल्यांदा कोण उच्चारणार, एवढाच प्रश्न होता.

रविवारचं जेवण म्हणजे कोंबडी आणि मॅकरोनी. थोरला ओस्वाल्दिर टेबलाच्या वरच्या टोकाला, वडिलांच्या खुर्चीवर बसला होता. नोटरीच्या कचेरीत आयुष्य काढल्यामुळे तो मीठ मागतानाही ठराव मांडल्यासारखा मागायचा.

"आज आपल्यापुढे विषय एकच आहे," तो म्हणाला.

"विषय कोंबडी आहे," आई म्हणाली. "गार होतेय."

"आई, टाळू नकोस," क्लेउझा म्हणाली. "खोली तयार आहे. खिडकी पूर्वेला आहे. लिफ्ट आहे. खाली बाग आहे."

"बागेत कोण असतं?"

"म्हणजे?"

"माणसं कोण असतात? पत्ते खेळणारी?"

"बागेत झाडं असतात, आई."

"मग नको."

"क्लेउझा म्हणते ते बरोबर आहे," सून इवोनी मध्ये पडली. सासूला ती आदराने 'दोना' म्हणायची. "दोना झेनाइदी, अकराव्या मजल्यावर हवा किती छान असेल." इवोनी तीन गल्ल्या सोडून राहायची. हात प्लास्टरमध्ये असताना सासूला सूप नेऊन देणं, केस विंचरणं, बटणं लावणं तिनेच केलं होतं. त्यामुळे सासूने कुठल्याही दिशेला जावं, फक्त त्या दिशेला बस जात असावी, असं तिचं मत होतं.

"बघ, इवोनीलाही पटतंय," क्लेउझा म्हणाली. इथेच थांबली असती तर ती जिंकली होती. पण क्लेउझा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि तास संपायच्या आत थांबायची तिला सवय नाही. "शेवटी जवळ लक्ष ठेवणारं कोणी असतं, तर ही वेळ आलीच नसती."

इवोनीने काटा खाली ठेवला.

"दोना झेनाइदी कुठेही जाणार नाहीत," ती म्हणाली.

ओस्वाल्दिरने बायकोकडे पाहिलं, आपलं मत बदललं आणि आणखी मॅकरोनी वाढून घेतली.

"हे बघ, आई इथेच बरी आहे," एडमिल्सन म्हणाला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि रोज दुपारी आईकडे जेवतो. त्याच्या बोलण्यातला जिव्हाळा खरा होता, आणि त्याला लसणाचा वास होता. "तिची माणसं इथे, तिचं चर्च इथे..."

"तुझं जेवण इथे," क्लेउझा म्हणाली.

"माझं जेवणही इथे. लपवत नाहीये मी."

"आणि पुढच्या वेळी मनगटाऐवजी खुबा मोडला तर? तुझे शिकाऊ ड्रायव्हर तिला उचलणार आहेत? रिव्हर्समध्ये?" क्लेउझाचा आवाज चढला होता. मग ती आईकडे वळली आणि तो शब्द तिने टेबलावर ठेवला. "आई, तू विसरतेस."

कोणी चावत होतं, तेही थांबलं.

"काय विसरते?" आईने विचारलं.

"फिल्टर भरलाय हे विसरतेस आणि पुन्हा भरतेस. खालचं मडकं भरलेलं, त्यावर तू वरून ओततेस. मग दुसरं काय होणार?"

"मी ओतते?"

"मग कोण? घरात दुसरं राहतं कोण?"

आईने एकेकाकडे पाहिलं. क्लेउझाकडे, ओस्वाल्दिरकडे, इवोनीकडे, एडमिल्सनकडे. प्रत्येकाने आपापल्या ताटात पाहिलं. म्हातारी आता रडणार, असं प्रत्येकाला वाटलं. आईने कोंबडीचं हाड नीट साफ करून बाजूला ठेवलं आणि हात पुसले.

"ठीक," ती म्हणाली. "फिल्टर मी पहाटे भरलाय. वरचं आता रिकामं झालंय, खालचं भरत आलंय. आजच्या दिवसात मी त्याला हात लावणार नाही. कॉफीपर्यंत एक थेंब जरी जमिनीवर पडला, तर मी सुटकेस भरते. दोन पोलकी आणि जपमाळ, वेळ लागणार नाही."

"आणि नाही पडला तर?" एडमिल्सन खुर्चीवरून अर्धा उठला होता.

"तर हिने आपली पेटी जशी आणली तशी वाजवत घेऊन जायची. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी मेल्यावर माझ्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेलासुद्धा नाही."

आमच्या लोकांना पैज म्हटली की वयाचं भान राहत नाही. क्षणापूर्वी जिथे म्हातारीच्या उतारवयाचा विचार चालला होता, तिथे आता फुटबॉलच्या कोपा लिबेर्तादोरेसची अंतिम लढत होती. ओस्वाल्दिरने पंचाची जागा कोणी न देता घेतली. स्टुलाखाली पसरायला त्याने कालचं वर्तमानपत्र आणलं, क्रीडापान वर राहील असं. इवोनीने त्याच्या सुरकुत्या तळहाताने मोडल्या. क्लेउझाने गुडघ्यांवर बसून कागद सगळीकडून कोरडा असल्याची खात्री केली आणि तोटीचा वॉशर गळत नाही ना, हेही बोट लावून पाहिलं.

"नियम," ओस्वाल्दिर म्हणाला. "तोटीतून पाणी प्यायला परवानगी आहे. बाकी फिल्टरला कोणीही हात लावायचा नाही."

"कोण लावतंय," एडमिल्सन म्हणाला.

मग मंडळी व्हरांड्यात त्रुको खेळायला बसली. आई आणि एडमिल्सन एका बाजूला, ओस्वाल्दिर आणि क्लेउझा दुसऱ्या. त्रुको हा पत्त्यांचा खेळ असला तरी पत्त्यांचं त्यात फार काम नसतं. हातात काही नसताना छाती काढून ओरडायचं, आणि सगळं असताना पोट दुखल्यासारखं तोंड करायचं, हा खेळ. आई हे दोन्ही एकाच चेहऱ्याने करायची. जेवण खारट झालं होतं, हवा चुलीसारखी, आणि ओरडून ओरडून घसे कोरडे पडलेले. तेव्हा तहान लागणं ओघानेच आलं.

पहिला उठला एडमिल्सन.

"डाव नको वाटूस, आलोच," म्हणत तो आत गेला. "आणि क्लेउझाकडे लक्ष ठेव, आई, तिच्याकडे जबर पान आहे, तिर्री, तिच्या भुवया बघ." हे तो स्वयंपाकघरातूनच ओरडत होता. ओरडता ओरडता त्याने ग्लास भरला, प्याला, ओट्यावरचा जग नळाखाली भरला, झाकण सरकवलं, वरच्या मडक्यात ओतलं, झाकण लावलं, रुमाल सारखा केला आणि परत येऊन जाहीर केलं, "कागद ठणठणीत."

त्याला शपथेवर विचारलं असतं, तर मी फक्त पाणी प्यायलो, असं त्याने सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. आपण श्वास घेतला, हे कोणी वेगळं सांगतं का?

जो पिईल तो भरील. हा अनसेल्मोचा, म्हणजे या मुलांच्या बापाचा नियम. तो स्टेशनवर सिग्नल सांभाळायचा, आणि घरही त्याच पद्धतीने चालवायचा. ग्लासभर प्यायलास, तर वर एक भरलेला जग ओतल्याशिवाय हलायचं नाही. नियम चोख होता. तेव्हा या घरात मुलं, दोन काका, आजी, वरच्या खोलीतली शिवणकाम करणारी भाडेकरीण, शिवाय ज्याला त्याला येता-जाता तहान. खालचं मडकं भरलेलं असं कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मग काका गेले, आजी गेली, भाडेकरीण लग्न करून गेली, मुलं पांगली, शेवटी अनसेल्मोही गेला. नियम तेवढा राहिला.

दुसरी इवोनी. ती त्या घरात जन्मली नव्हती, पण सासरचे नियम सुनांच्याच हाडात जास्त मुरतात. भांडी घासून झाल्यावर, क्लेउझाच्या त्या वाक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं हे मनात जुळवत, ती ग्लासभर पाणी प्याली. उत्तर फार चांगलं जुळलं. त्या भरात तिने जग जरा जोरातच रिकामा केला.

तिसरा ओस्वाल्दिर, तोही पंच म्हणून. तो कागदाच्या चारी कोपऱ्यांभोवती फिरला, क्रीडापानावरची एक बातमी वाकून वाचली, समाधानाने ग्लास प्याला आणि जग हातात घेतला.

"कोरडा," बाहेर येऊन तो म्हणाला. "परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे."

क्लेउझाला तहान नव्हती. तिला काळजी लागली होती. डावामागून डाव आई जिंकत होती, कॉफीची वेळ जवळ येत होती, आणि रिकामी सुटकेस त्याच फरशीवरून, त्याच खडखडाटासकट परत न्यायची होती. ती आत आली. कागद खरंच कोरडा होता. तिने सहज झाकण उचललं.

वरचं मडकं तुडुंब होतं.

क्लेउझा बघत राहिली. आईने भरलं पहाटे. जेवणाच्या वेळी वरचं रिकामं होतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. आई तेव्हापासून व्हरांड्यातून उठलेली नाही. एवढं लक्ष तर तिने दुपारभर ठेवलं होतं. मग तिने खालच्या मडक्यावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. आई असं वाजवून बघायची, लहानपणी ते तिला आईचं वेड वाटायचं. अर्ध्या मडक्याला घुमारा असतो. हे मुकं होतं, गळ्यापर्यंत भरलेलं. तिने जोडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

म्हणजे ती जिंकली होती. काही करायचं नव्हतं. बाहेर जाऊन पत्ते हातात घ्यायचे आणि वाट पाहायची.

पण भरलं कुणी, हा प्रश्न तिच्यातल्या शिक्षिकेने सोडला नाही. तिने ओट्याकडे पाहिलं, जग कुठे आहे ते बघायला. जग तिथे नव्हता.

तो तिच्याच हातात होता. काठोकाठ भरलेला, झाकणापर्यंत आणलेला.

क्लेउझाने तो अगदी सावकाश खाली ठेवला. महिन्यातून दोन शनिवार ती येत होती. निघताना दर वेळी, बसची वेळ झालेली असताना, एका हाताने पिशवी खांद्यावर टाकत दुसऱ्या हाताने ती फिल्टर भरायची. आईला जड उचलायला नको म्हणून अगदी वरपर्यंत. मग बस सुटायची, आणि कँडल आपलं काम करत बसायची. आई पडली तो शनिवार होता. हॉस्पिटलमधून एडमिल्सनचा फोन आला, तेव्हा क्लेउझा अजून बसमध्येच होती.

तिने पातेलं ओढलं आणि तोटी सोडली.

मातीच्या फिल्टरची तोटी घाईच्या माणसासाठी केलेली नसते. धार करंगळीएवढी. जोडावर पाण्याचा एक टपोरा मणी धरला होता आणि तो खाली उतरायच्या तयारीत होता. क्लेउझाने तो खुंटीवरच्या एप्रनने टिपला. पातेलं भरलं. तिने तोटीखालून ते काढून भाताचं भांडं सरकवलं, मग चहाची किटली, मग फुलदाणी, फुलांसकट. एक हात तोटीवर, एक हात एप्रनने मडक्याची कंबर आवळून. सुटकेस भरून न्यायला आलेली आपण आता ती रिकामीच राहावी म्हणून धडपडतोय, हे तिच्या लक्षात आलं नाही. एक थेंबही पडता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

"फसवणूक," दारातून एडमिल्सन म्हणाला.

"इकडे ये. भांडं दे."

"ओस्वाल्दिर, ये इकडे, ही फिल्टरला मिठी मारून बसलीय."

"भांडं दे, गाढवा, मग बोल."

ओस्वाल्दिर आला, मागोमाग इवोनी. पंचाने नियमभंगाची नोंद तोंडी घ्यायला सुरुवात केली, पण इवोनीने एका नजरेत जोडावरचं पाणी पाहिलं आणि नवऱ्याला बाजूला सारून बादली आणली. "पण हे भरलं कसं?" ती म्हणाली, आणि मग तिला आपला जग आठवला. "मी... एकच जग. तोही पूर्ण नव्हता."

"तू पण?" एडमिल्सन म्हणाला. त्या 'पण'ने तो पकडला गेला.

ओस्वाल्दिर छताकडे बघत होता. छताकडे बघणारा पंच आम्ही आमच्या गावात आधी पाहिलेला आहे.

"ओस्वाल्दिर," त्याची बायको म्हणाली.

"तांत्रिकदृष्ट्या मी पाणी प्यायलो होतो," ओस्वाल्दिर म्हणाला. "आणि ज्याने प्यायलं त्याने..."

"ते भरलेलं पातेलं ओता कोणीतरी," क्लेउझा किंचाळली नाही, पण जवळपास तसंच. एडमिल्सनने पातेलं उचललं, इवोनीने तेच पातेलं दुसऱ्या बाजूने उचललं, ओस्वाल्दिर मदतीला वाकला, आणि क्लेउझाचा कोपर त्या सगळ्याला लागला. पातेलं उलटलं. वर्तमानपत्र, क्रीडापान, स्टुलाचे पाय आणि पंचाचे रविवारचे बूट, सगळं एका दमात भिजलं.

फिल्टरमधून मात्र एक थेंब पडला नव्हता.

आई दारात उभी होती. किती वेळापासून, ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने चौघांकडे पाहिलं, ओट्यावरच्या भांड्यांच्या रांगेकडे पाहिलं, पाण्यात बसलेल्या लेकीकडे पाहिलं.

"पाणी पडलंय," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. पोलकी कुठल्या कपाटात आहेत ते तेवढं विसरले नाही मी." आणि ती वळलीसुद्धा.

"थांब," क्लेउझा म्हणाली. ती उठली नाही. "मी सांडलं. आजचंही मी, आणि त्या शनिवारचंही मीच. जाताना भरून गेले होते. काठापर्यंत."



"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"माहीत आहे?"

"सोमवारी ओस्वाल्दिर भरतो, कचेरीतून जाता जाता. दुपारी हा भरतो. इवोनी सूप घेऊन येते ती भरते. तू भरतेस. मी वाजवून बघते, भरलं असलं तर काढून कुंड्यांना घालते. कुंड्या इतकं पाणी पिऊन कुजल्या. त्या दिवशी वाजवायचं राहिलं, एवढंच."

"मग सांगायचं नाही का आम्हाला?" एडमिल्सनचा आवाज फुटला. "हात मोडून घेतलास, पण बोलली नाहीस? आज सुटकेस भरायला निघालीस, तरी?"

"काय सांगू? येऊ नका?"

"भरू नका, एवढंच सांगायचं."

आईने स्टुलाशी येऊन फिल्टरवरचा रुमाल सारखा केला. तो एका बाजूला घसरला होता. "तुम्ही येता, घड्याळाकडे बघता, माझी तब्येत विचारता आणि उत्तर ऐकता ऐकता उठता. जाताना तेवढं एक काम मनापासून करता. मी म्हटलं, करू दे."

इवोनीने आपल्या एप्रनला नाक पुसलं, आणि मग तोच एप्रन जमिनीला लावला. ओस्वाल्दिरने घसा साफ केला. एरवी त्याचे निकाल लांबलचक असतात. "सुटकेस रिकामी परत जाईल," तो म्हणाला. "यापुढे फिल्टर फक्त आई भरेल, पहाटे, वाजवून बघून. बाकीच्यांनी प्यायचं आणि निघायचं. कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. कॉफी झाली, मक्याचा केक झाला, पेरूच्या वडीवरचा चीजचा तुकडा कोणाचा यावरून एक छोटं भांडणही झालं. मग क्लेउझाच्या बसची वेळ झाली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, आईच्या गालाचे मुके घेतले, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे गेली. ग्लासभर पाणी प्याली. ग्लास विसळून उपडा घातला. मग ती फिल्टरसमोर तशीच उभी राहिली, हात मोकळे सोडून, पुढचं वाक्य विसरलेल्या नटीसारखी.

तिच्या मागे ओस्वाल्दिर येऊन उभा होता, त्याच्या मागे गाडीची किल्ली हातात घेतलेला एडमिल्सन.

"आता?" क्लेउझाने विचारलं. "निघायचं कसं मग?"

"दाराने," आई म्हणाली.

ते बरोबरच होतं, दार उघडंच होतं. पण क्लेउझाने पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली आणि ती बसली. मग ओस्वाल्दिर बसला, थोडा आखडून, ओले बूट टेबलाखाली घेऊन. एडमिल्सन कधी बसला, ते कळलं नाही. कोपऱ्यावर भोंगा देऊन बस क्लेउझाशिवायच रिबेरांवला निघून गेली.

"तर आई," क्लेउझा म्हणाली, "तब्येत कशी आहे तुझी?"

आईने खुर्ची पुढे ओढली आणि मनगटापासून सुरुवात केली.